नजला कुठून उतरतो?

आमच्या बडनेऱ्यात सर्दीला मराठीत पडसं म्हणतात, मुसलमान घरांत नजला. ती हटेना, डोकं जड झालं, गाल ठणकू लागले, की जुनी वस्ती असो वा नवी वस्ती, निदान ठरलेलं: 'नाकाचं हाड वाढलंय.' या दोन्ही शब्दांत एकेक जुना समज दडला आहे.

'नजला' अरबी शब्द, मुळात अर्थ उतरणं. ग्रीक वैद्य मानत की मेंदूतला ओलावा झिरपून नाकाघशात उतरतो. इब्न सीनांच्या 'अल-कानून'मध्येही तीच मांडणी आहे: नाकावाटे वाहिलं तर जुकाम, घशात उतरलं तर नजला.

पुस्तकातलं डोळ्यांनी तपासायची रीतही याच परंपरेत होती. 1200 च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा बगदादचे अब्दुल लतीफ तिथे होते. दोन हजारांवर कवट्या पाहून त्यांनी लिहिलं की खालचा जबडा हे एकच हाड आहे. जालीनूस, म्हणजे गॅलेन, सांगतो तशी दोन नाहीत. नाकाची पाळी यायला मात्र 1660 उजाडलं. विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडर यांनी दाखवलं की शेंबूड मेंदूतून उतरत नाही, नाकाच्या अस्तरातच तयार होतो.

मेंदू सुटला, हाड सापडलं. 1882 मध्ये व्हिएन्नाच्या झुकरकांडल यांनी नाकाच्या आतली रचना बारकाईने मांडली: कुठे मधला पडदा वाकडा, कुठे बाजूच्या हाडाच्या घडीत हवेची पोकळी. पुढे फ्रीअर आणि किलियन यांनी पडदा सरळ करायची शस्त्रक्रिया रुळवली आणि वाकडं नाक म्हणजेच आजार, असं लोकांच्या मनात बसलं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने जिवंत नाक पाहिलं. त्यांचं पुस्तक 1978 चं. सायनस, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या, ठरावीक वाटेने आपल्या तोंडाकडे निचरा करतात. ती चिंचोळी वाट सुजून बुजली की आत साचतं. मग सीटी स्कॅन आला. 1991 मध्ये बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 202 स्कॅन तपासले. असे वाकडेपणे सायनसच्या रुग्णांत जेवढे, जवळपास तेवढेच इतर कारणांनी स्कॅन केलेल्यांतही निघाले.

म्हणजे हाड 'वाढत' नाही. पडदा वाकडा असतो, आणि तो कित्येक धडधाकट माणसांचाही असतो. निचऱ्याची वाट अडली तरच तो वाकडेपणा सायनसच्या दुखण्याला हातभार लावतो. बरेचदा वाट बुजवते ती अस्तराची सूज: ॲलर्जीची, धुळीची, धुराची. काहींना ऑपरेशन लागतंच. पण पैसे जुळवायला निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, 'हाड वाकडं आहे, कबूल. पण वाट नेमकी कुठे अडली आहे?'

वजू करताना आपण रोज नाकात पाणी घेतो. ती सफाई आहे, इलाज नव्हे. अब्दुल लतीफांचा वारसा सांगायचा, तर आधी पाहावं, मग मानावं.