बरणीतली कादंबरी

पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या किंवा दौंडच्या तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा टेबलावर पारदर्शक बरणी असते. चिठ्ठ्या एका मापाच्या, घड्या एकसारख्या, आणि बरणीत हात घालायला शाळेतलं एखादं लहान मूल. मूल अशासाठी, की त्याला अजून गट-तट नसतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली तरी हाच मार्ग. त्याला तर लोक ‘ईश्वर चिठ्ठी’च म्हणतात.

अलीकडे काही वाचणाऱ्यांच्या घरातही ही बरणी आली आहे. ‘एकदा वाचायचीच आहे’ असं म्हणत वर्षानुवर्षं टाळलेल्या वीस नामांकित कादंबऱ्यांची यादी करायची, त्यांना क्रमांक द्यायचे, चिठ्ठी उचलायची आणि निघेल ती कादंबरी कुरकुर न करता वाचायची. खेळ नवा, पण त्याचे पूर्वज बरेच जुने आहेत आणि ते एका घराण्यातले नाहीत.

पहिला पूर्वज फाशांचा. ‘पाशककेवली’ नावाच्या शकुनग्रंथांत चार बाजूंचा फासा तीनदा टाकायचा असतो. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ दानं, आणि प्रत्येक दानाचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं. मध्य आशियात कुचाजवळ सापडलेल्या आणि १८९० मध्ये बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याने विकत घेतलेल्या हस्तलिखितात असे दोन ग्रंथ आहेत. म्हणजे जवळपास दीड हजार वर्षांपूर्वीही माणसं पुस्तकातलं पान फाशाच्या हवाली करत होती.

‘रामचरितमानसा’च्या प्रतींत छापली जाणारी रामशलाका प्रश्नावली याच वाटेवरची. पंधरा ओळी, पंधरा रकाने, २२५ घरं. कुठल्याही घरावर बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर उचलत जायचं. जुळून येते ती एक चौपाई, आणि तेच उत्तर. इथे थोडं थांबून हिशेब करावा. घरं २२५ असली तरी बोट कुठेही पडलं तरी चौपाया निघणार नऊच. बोट ठेवणाऱ्याला सारं कोष्टक मोकळं वाटतं. पण नऊ कुठल्या, हे कोष्टक आखणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. मला या सगळ्या प्रकारात योगायोगापेक्षा हा आखणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. तो पुढेही भेटत राहतो.

शीख परंपरेत ग्रंथ उघडून समोर येईल तो हुकूम घेतात. १६०४ मध्ये अमृतसरला आदिग्रंथाची प्रतिष्ठापना झाली तेव्हापासूनची ही प्रथा नांदेडच्या हजूर साहिबमध्येही पाळली जाते. या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यामुळे पंजाबात पहाटे उघडलेल्या पानावर एखाद्या दिवशी पंढरपूरचा शिंपी बोलतो. आपल्याकडेही ज्ञानेश्वरी डोळे मिटून उघडणारी आणि बोटाखालच्या ओवीला मनातला प्रश्न विचारणारी म्हातारी माणसं अनेकांनी पाहिली असतील. तशी आपली खरी रीत पारायणाची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेमाने जाण्याची. मधलंच पान उघडणं हा त्या नेमातला चोरदरवाजा.

दौंड तालुक्यालाही या वंशावळीत जागा आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि केडगावातच छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्यात प्रेषितांच्या कृत्यांचं पुस्तक आहे. यहूदाची जागा रिकामी झाल्यावर बारावा प्रेषित कसा निवडला, हे त्याच्या पहिल्याच अध्यायात येतं. आधी दोन नावं पुढे केली, बर्सब्बा आणि मत्थिया. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव आलं. कौल देवाचा खरा, पण देवापुढे नावं दोनच ठेवलेली होती.

धर्मग्रंथापासून कादंबरीपर्यंतची उडी मात्र इंग्रजीत पाहायला मिळते, आणि ती फार मजेदार आहे. डॅनियल डिफोच्या १७१९ च्या कादंबरीत रॉबिन्सन क्रूसो बेटावर तापाने फणफणलेला असताना बायबल सहज उघडतो आणि समोर आलेल्या वचनाने सावरतो. दीडशे वर्षांनी, १८६८ मध्ये, विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’मध्ये बेटरेज नावाचा म्हातारा कारभारी आहे. अडचण आली की चिलीम पेटवून तो पुस्तक उघडतो, पण बायबल नव्हे, ‘रॉबिन्सन क्रूसो’. ज्या कादंबरीत शकुन पाहिला गेला, तीच आता शकुन सांगणारी पोथी झाली. कॉलिन्सने हे थट्टेत लिहिलं असलं तरी बेटरेज स्वतः पुरता गंभीर आहे.

इथवर सगळे पुस्तकाच्या आत योगायोग शोधतात. पुस्तक ठरलेलं, पान अनिश्चित. पुस्तकच अनिश्चित व्हायचं तर आधी समोर पुष्कळ पुस्तकं हवीत, आणि ती सामान्य माणसासमोर आली ग्रंथालयांमुळे. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. पुढे जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी वाचनालयं निघाली. बहुतेक ठिकाणी कपाटं कुलपात असत आणि वाचक खिडकीबाहेर. छापील यादी चाळायची, कागदाच्या कपट्यावर आठ-दहा पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहायचे आणि कपटा आत सरकवायचा. आतला शिपाई किंवा ग्रंथपाल कपाटांतून फिरून येई आणि त्यांतलं जे जागेवर असेल ते आणून देई. मनात पहिल्या क्रमांकाचं पुस्तक असे, हातात सातव्या क्रमांकाचं पडे. तेच घेऊन जायचं, कारण आपल्यामागे रांग असे.

आजच्या खेळाचा खरा बाप हा कपटा आहे असं मी म्हणेन. क्रमांक घातलेली यादी आहे, आपली निवड आहे, आणि शेवटचा निर्णय आपल्या हातात नाही. पण इथे चिठ्ठी उचलणारा देव नव्हता, गावातले इतर वाचक होते. ‘ययाति’ कुणीतरी आधीच नेलेली असे म्हणून ‘ब्राह्मणकन्या’ वाट्याला येई. वि. स. खांडेकरांच्या मागणीमुळे किती जणांना केतकर वाचावे लागले असतील, याची मौज वाटते. कपाटं उघडी झाली, वाचक थेट फडताळापर्यंत जाऊ लागले, आणि ही सक्ती संपली. सोय झाली यात शंका नाही. पण हात आपोआप ओळखीच्या नावाकडे जाऊ लागला.

सक्तीची दुसरी तऱ्हा पेटीची. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून फिरती ग्रंथालयं सुरू केली. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावोगाव धाडायची. पेटीत जे आलं ते गावाने वाचायचं. २००९ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं तेव्हा पुन्हा पेटीच निवडली. एका पेटीत शंभर पुस्तकं, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. हा उपक्रम पुढे परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेला. आपली पेटी कोणती, हे वाचक ठरवत नाही.

बरणी आणि चिठ्ठी मात्र थेट भिशीतून आली. भिशीचा कायदा साधा आहे: ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं नाव पुन्हा बरणीत जात नाही, त्यामुळे उशिरा का होईना, पाळी प्रत्येकाची येते. कादंबऱ्यांच्या बाबतीत हाच कायदा कामाचा. वाचून झालेलीची चिठ्ठी बाहेर, टाळलेल्या आत, आणि दर खेपेला टाळलेलीची शक्यता वाढत जाते. शेवटी बरणीत तीच एक उरते. फाशाला किंवा रामशलाकेला हे जमत नाही. तिथे एकच उत्तर दहादा येऊ शकतं.

शिरूरकरांनी यादी करायची तर एक नाव चुकवता येणार नाही. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं. लेखिका विभावरी शिरूरकर. ही कोण, बाई की बाईच्या नावाआडचा पुरुष, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडत होता. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. त्यांचे वडील अनंतराव घोडनदीत, म्हणजे शिरूरला, मास्तर होते. त्यांच्यावरचं ‘खरेमास्तर’ १९५३ चं. १९३३ च्या वाचकाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लेखक कोण हे ठाऊक नसतानाच हातात घेतलं. चिठ्ठी उचलण्याचीच ही एक तऱ्हा. पण तो कथासंग्रह होता. कादंबऱ्यांच्या यादीत ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) येते, आणि सोलापूरच्या वसाहतीत डांबलेल्या, कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या लोकांवरची ‘बळी’ (१९५०). आवडीने निवडणारा पहिलीकडे वळेल. ‘बळी’पर्यंत नेणारी गोष्ट बहुधा चिठ्ठीच. त्याच घरातली दुसरी कादंबरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ ची. ती इतकी छोटी, की ती निघावी अशी सगळेच मनातल्या मनात प्रार्थना करतील.

म्हणूनच आपली यादी आपण करू नये असं माझं मत आहे. आपण केलेल्या वीसांत सतरा अशा असतात, ज्या आपण चिठ्ठीवाचूनही वाचल्या असत्या. शिरूर–न्हावरा–चौफुला रस्त्याने दोन्ही तालुके जोडलेले आहेतच. दौंडच्या वाचकाने शिरूरच्या वाचकाची यादी करावी, आणि उलट. दौंडकर ‘बनगरवाडी’, ‘धग’, ‘फकिरा’, ‘पाचोळा’, ‘कोसला’ घालेल. खवचट असेल तर १८५७ चं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’सुद्धा घालेल. शिरूरकर उट्टं काढायला ‘मृत्युंजय’ पाठवेल. तेव्हा पोटनियम एकच ठेवावा: जाडजूड कादंबरी वीसांत एकीहून जास्त नको, आणि ती घालणाऱ्याने स्वतः वाचलेली असली पाहिजे.