सोपाऱ्याचा दगड

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलो आणि सात तारखेला गावाकडची गाडी सोडून फोर्टातलं म्युझियम गाठलं. आपली माणसं दरवर्षी लाखांनी दादरला येतात. शिवाजी पार्कात पुस्तकं घेतात, जमलं तर गेटवे बघतात आणि परत जातात. गेटवेपासून हे म्युझियम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आत अशोकाचा दगड आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला स्वतःलाच दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं, तेव्हा शहाणपणाचा आव आणत नाही.

इमारतीचं आधी सांगून टाकतो. 1905 साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जने, पायाचा दगड बसवला. नकाशा जॉर्ज विटेटचा, तोच गेटवेवाला. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळसर दगड, आणि वर विजापूरच्या गोलघुमटासारखा घुमट. पहिल्या महायुद्धात इथं लष्करी इस्पितळ होतं. 1922 साली लोकांना खुलं झालं. तेव्हा नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, 1998 पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. युवराजाचं नाव राहिलं, विटेटचं राहिलं. खाणीत सुरुंग लावून तो दगड फोडणाऱ्याचं नाव कुठल्याच इमारतीला राहत नाही.

वर चिनी भांडी आहेत, जेडच्या वस्तू आहेत, युरोपातली चित्रं आहेत. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातलं पुष्कळ. बघण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. पण मी पडलो सूतगिरणीतला माणूस. त्या नाजूक भांड्यांपुढं उभं राहिल्यावर मला जमशेटजींची नागपूरची एम्प्रेस मिल आठवली, 1877 ची. आणि मुंबईच्या गिरण्यांतलं ते विणकाम खातं आठवलं, जिथं अस्पृश्याला घेत नसत. का, तर धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे. आपली थुंकी सुताला लागली तर बाटणार कोण? 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. असो. जिना उतरून खाली आलो.

दगड तसा दिसायला काहीच नाही. तुटका तुकडा, वर टोचून काढलेली अक्षरं. मी ब्राह्मी लिपीची अक्षरं पुस्तकातून गिरवलेली. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, र म्हणजे नुसती काठी, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. पहिल्यांदा न सापडला. खोटं कशाला बोलू, त्या एका न ने अंगावर काटा आला. बावीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी धरून काढलेला न मला वाचता आला, आणि माझ्या आज्याला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं.

असे दोन तुकडे सोपाऱ्याच्या परिसरात मिळाले. पहिला 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना. जोतीराव हंटर कमिशनपुढं शिक्षणाचं गाऱ्हाणं मांडत होते तेच हे साल. तो आठव्या लेखाचा. त्यात राजा म्हणतो, आधीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. मी राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो, तेव्हापासून माझी धम्मयात्रा. म्हणजे श्रमण-ब्राह्मणांना भेटणं, म्हाताऱ्यांना भेटून धन देणं, आणि खेड्यापाड्यातल्या माणसांचं दर्शन घेणं. राजा रयतेचं दर्शन घेतो! पुढं ह्याच मुलखात आपली सावली पडू नये म्हणून माणसं बाजूला सरत.

दुसरा तुकडा 1956 साली समुद्राकाठी भुईगावला मिळाला. नवव्या लेखाचा. सालाकडं बघा. योगायोगाची पूजा मी करत नाही, पण साल विसरणं मला शक्य नाही. नववा लेख पुरा वाचायचा तर गिरनारला आहे. त्यात नवससायास फोल, दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं हे खरं मंगल, असं सांगितलंय. मित्रांनो, इथं भाळून जाऊ नका. दास मोकळे करा असं राजा म्हणत नाही. आणि फोल विधींचं खापर तो बायकांवर फोडतो, तेही मला पटलं नाही. तरी हुकूम म्हणून दासाचं नाव दगडावर आलं, ही गोष्ट लहान नाही.

आता खरी गोष्ट. भगवानलालांनी त्याच साली सोपाऱ्याची एक टेकाडवजा जागा खणली. आत विटांचा स्तूप. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या, सोन्याच्या डब्या, सोन्याची फुलं, आठ बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे. सरकारने ते एशियाटिक सोसायटीला दिलं. पण खणायच्या आधी गावकरी त्या टेकाडाला काय म्हणत? बुरूड राजाचा कोट!

बुरूड म्हणजे बांबू चिरून सुपं-टोपल्या विणणारा. त्याला राजा कुणी केला? स्तूप विसरला, बुद्ध विसरला, पण ही जागा बामणाची नव्हे, टोपल्या विणणाऱ्याची, एवढं लोकांच्या तोंडात राहिलं. संस्कृतात गावाचं नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे सूप. सूप कोण विणतं? हा माझा तर्क, पुरावा म्हणून सभेत फेकू नका. पुरावा हवा तर जुन्नरच्या लेण्यांत आहे. तिथल्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं दानाची रक्कम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. म्हणजे त्या काळी बुरुडाच्या हाती लोक विश्वासाने पैसा ठेवत. आणि सोपाऱ्याचा पूर्ण? दिव्यावदानातली कथा वाचा. सावकार आजारी पडला, बायकामुलांनी टाकला, दासीने जगवला. तिचा मुलगा पूर्ण. वाटणीच्या वेळी सावत्र भावांनी दासीचा म्हणून त्याला डावलला. तोच दर्यावर्दी व्यापारी झाला, पुढं भिक्खू झाला, आणि त्याने सोपाऱ्याला बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधला. दासीचा पोर, बुरूड राजा, आणि दासाशी नीट वागा म्हणणारा दगड. तिन्ही एकाच गावचे.

मी दगडापुढं होतो तेव्हा पांढऱ्या लुगड्यातल्या चार-पाच म्हाताऱ्या आल्या. कालच्याच गर्दीतल्या असाव्यात. एकीने विचारलं, "काय लिवलंय रं बाबा?" मी सांगितलं, अशोक राजाचं आहे. तिने हात जोडले, मग म्हणाली, "वाचून दाव की." मला न सोडून चार अक्षरंही धड लावता येईनात. लाज वाटली. पाठ केलेला अर्थ सांगितला. त्यांनी तो दगडापुढं उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकला.

दुपारी चर्चगेटला विरार लोकल धरली. नालासोपाऱ्याला उतरून रिक्षावाल्याला म्हणलं, बुरूड राजाचा कोट. त्याला कळेना. दोनदा सांगितलं. मग तो हसला, "स्तूप म्हणा की!" आणि मीटर न टाकता गाडी वळवली.