एका खाणावळीची जपणूक

जुन्या धर्मशाळेची भिंत खचली, की आपण सहज म्हणून जातो, "जुनेच ते, किती दिवस टिकणार!" न्यूयॉर्कमधील काही भगिनींनी मात्र एका जुन्या खाणावळीबाबत असे म्हणावयाचे नाकारले. ती हकीकत आपण सर्वांनी ऐकण्याजोगी आहे.

1719 मध्ये डी लान्सी या व्यापारी घराण्यासाठी ही इमारत बांधली गेली. 1762 मध्ये सॅम्युअल फ्रॉन्सिस याने ती विकत घेऊन तेथे खाणावळ थाटली. तेव्हा न्यूयॉर्कवर इंग्रजांचा अंमल होता. 25 नोव्हेंबर 1783 रोजी इंग्रजी फौजा शहर सोडून गेल्या आणि 4 डिसेंबरला याच इमारतीच्या माडीवर जनरल वॉशिंग्टन यांनी आपल्या अधिकाऱ्यांचा साश्रू निरोप घेतला. आपल्याकडे सालबाईचा तह होऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते आणि पेशव्यांचा कारभार नाना फडणीस पाहत होते.

पुढे इमारतीला आगी लागल्या, मजले वाढले, मूळ रूप हरपले. 1900 च्या सुमारास ती पाडण्याचे घाटत होते. त्या वेळी भगिनींच्या संस्था पुढे सरसावल्या. त्यांत मेलुसिना फे पीअर्स या होत्या. स्त्रियांनी एकत्र येऊन स्वयंपाक-धुणे सहकाराने करावे, हा विचार त्यांनी 1868 च्या सुमारासच मांडला होता. 1901 मध्ये त्यांनी या वास्तूवर पुस्तिका काढली. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला 1917 साली. म्हणजे मत नसतानाही त्यांनी आपले म्हणणे राज्यकर्त्यांच्या गळी उतरविले. 1904 मध्ये एका संस्थेने इमारत विकत घेतली व 1907 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आज तेथे वर संग्रहालय व खाली उपाहारगृह आहे.

एक उणीव मात्र राहिली. मूळ रूपाची पुरेशी माहिती नसल्याने बराचसा भाग अंदाजाने उभारावा लागला. वेळीच कोणी टिपण ठेवले असते तर!

आपल्याकडेही औंधास श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभारले. पण प्रत्येक गावाला असा राजा कोठून मिळणार? साताऱ्या-सांगलीकडच्या आपल्या गावांतील धर्मशाळा, वाडे, घाट यांची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना असते. ती विचारून वहीत उतरवून ठेवणे हे तर आपल्या हातचे काम आहे. भगिनींनो, वास्तू वाचविणे नेहमीच साधेल असे नाही. पण तिची आठवण अंदाजावर सोडू नये, एवढे आपण खचित करू शकतो.