हापसा कोणाचा?

आपण गडकिल्ल्यांचा इतिहास ऐकतो, तहांचा ऐकतो. आज मी चौकातल्या हापशाबद्दल बोलणार आहे. हसू नका, या हापशाचा एक मोठा धागा आपल्या जालन्यातून आणि सोलापुरातून जातो.

आपल्याकडे काळा पाषाण. आड खणला तर चाळीस-पन्नास फुटांवर पहार टणटण वाजते, आणि दुष्काळात नेमके तेच आड आधी आटतात. साठच्या दशकात हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आली आणि हा खडक भेदून खोल बोअर घेता येऊ लागली. १९७२च्या दुष्काळानं तर बोअरची गरज गावोगाव पटवून दिली. पाणी लागलं. पण ते वर कसं आणायचं?

त्यासाठी बिडाचे हातपंप बसवले गेले. ही युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांची नक्कल होती. आता बघा, तिकडे तो पंप एका कुटुंबासाठी होता, दिवसातून थोडा वेळ चालायचा. इथं पहाटेपासून रात्रीपर्यंत हंडे-कळश्यांची रांग! दांड्याच्या खिळी झिजायच्या, बीड तडकायचं. १९७४च्या सुमारास युनिसेफनं पाहणी केली, तेव्हा चारांतले जवळजवळ तीन पंप बंद सापडले. म्हणजे पाणी जमिनीत होतं, बोअर होतं, खर्च झालेला होता, आणि बाई मात्र रिकामी घागर घेऊन परत जात होती.

यावरचा उपाय कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत सुरू झाला नाही. जालन्यात बोअर घेणाऱ्या मिशनच्या लोकांनी पोलादी पंप तयार केला. अनेक खिळींऐवजी दांडा एकाच आसावर फिरणारा. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली: बंदिस्त बेअरिंग, आणि दांड्याच्या टोकाला साखळी. साखळीमुळे आतली सळई सरळ वर ओढली जाते, घासत नाही. याच सोलापुरी पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ घडला. कोइमतूरजवळ त्याची कसून चाचणी झाली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उत्पादन सुरू झालं. त्यावर कुणी पेटंट घेतलं नाही, म्हणून तो अनेक कारखान्यांत बनला आणि पार आफ्रिकेपर्यंत गेला.

पण गोष्ट इथं संपत नाही. पंप मजबूत झाला तरी खालचा वायसर झिजतोच. तो बदलायचा म्हणजे सगळे पाइप उपसायचे, त्याला तिवई लागते, माणसं लागतात. गावातला माणूस लक्ष ठेवील, तालुक्याचा मिस्त्री येईल, जिल्ह्याचं पथक येईल, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी करावी लागली. पुढे ‘मार्क थ्री’ आला, त्यात पाइप न उपसता वायसर काढता येतो. हेतू हाच, की दुरुस्ती गावाच्या हातात यावी.

मला यातून एवढंच दिसतं. आपण ‘सार्वजनिक’ म्हणतो तेव्हा मालकी कोणाची, एवढंच बघतो. पण सार्वजनिक वस्तूवर शेकडो हातांचा भार असतो. तो पेलण्याइतकी ती घडवावी लागते आणि रोज सांभाळावी लागते. आज नळ आले, हापसे गंजले. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की मात्र आपल्याला त्यांची आठवण होते. घरी जाताना चौकातला हापसा एकदा हापसून बघा. पाणी आलं नाही, तर वायसर बदलणं कोणाचं काम आहे, तेही विचारा.