वेगळे न झालेले रेडियम

अणुयुगाची कथा आपण बहुधा भौतिकशास्त्रज्ञांच्या नावांनी सांगतो. तिचा निर्णायक पुरावा मात्र रसायनशाळेतल्या एका जुन्या कामातून हाती आला. क्षाराचा साका बसवायचा, गाळायचा, विरघळवायचा आणि पुन्हा स्फटिक पाडायचे, एवढेच ते काम.

१८९८मध्ये क्युरी दांपत्याने पॅरिसमध्ये रेडियमचा शोध जाहीर केला. पिचब्लेंड या खनिजातून ते नेहमी बेरियमच्या सोबतीनेच निघे. दोघांचीही सल्फेटे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, क्लोराइडे विरघळतात. फरक एवढाच, की रेडियम क्लोराइड थोडे कमी विरघळते आणि म्हणून स्फटिकांत अधिक उतरते. एवढ्याशा फरकाच्या भरवशावर मेरी क्युरींनी पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण केले आणि १९०२पर्यंत सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड वेगळे काढले.

पुढे बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी हीच रीत वापरली. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला की रेडियम तयार होते, असा त्यांचा समज होता. ते इतके अत्यल्प, की त्याचा साका डोळ्यांना दिसणे अशक्य. म्हणून द्रावणात बेरियम घालून त्याच्याबरोबर ते खाली आणायचे आणि मग स्फटिकीकरणाने दोन्ही वेगळे करायचे, असा बेत होता. डिसेंबर १९३८मध्ये ते काही केल्या वेगळे होईना. रीतच चुकत असेल, या शंकेने त्यांनी खरे रेडियम घेऊन पडताळा पाहिला, तर ते नीट वेगळे झाले. म्हणजे मूळ पदार्थ रेडियम नव्हताच. तो बेरियम होता.

हे स्वीकारणे सोपे नव्हते. युरेनियमचा अणुक्रमांक ९२, रेडियमचा ८८, बेरियमचा ५६. तोवर अणुकेंद्रातून लहानसे तुकडेच निघताना आढळले होते. हान यांनी १९ डिसेंबरला हे लीझ माइटनर यांना पत्राने कळवले. या संशोधनातल्या त्या जुन्या सहकारी. ज्यू वंशाच्या असल्याने त्याच जुलैत त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. स्वीडनमध्ये त्यांनी भाचा ओटो फ्रिश याच्यासह उलगडा केला: युरेनियमचे अणुकेंद्रच दुभंगले होते.

१९४४चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. श्ट्रासमान आणि माइटनर यांची नावे त्यात नाहीत. साक्याने दिलेली साक्ष तिघांच्या कामातून उभी राहिली होती, हे म्हणूनच पुन्हा सांगावे लागते.