समोर कोणी नसताना

जुलैतल्या एका शुक्रवारी भर दुपारी मी सालमियातल्या आमच्या फ्लॅटमधला एसी बंद केला, कपड्यांचं कपाट उघडलं आणि लटकवलेल्या शर्टांमध्ये डोकं घालून बसलो. बाहेर ४८ अंश. दहा मिनिटांनी बायको डोकावली आणि म्हणाली, "बरं वाटतंय ना रे तुला?" मी हातानेच गप्प राहायची खूण केली. कारण त्या क्षणी मी आयर्लंडमधल्या एका खेड्यातला पोलीस होतो.

नाटक होतं लेडी ग्रेगरी यांचं 'स्प्रेडिंग द न्यूज'. डब्लिनचं ॲबी थिएटर २७ डिसेंबर १९०४ ला उघडलं, त्या रात्री ही एकांकिका पहिल्यांदा झाली. बाजारात एक माणूस गवत उपसायचा काटा विसरून जातो, दुसरा तो परत द्यायला त्याच्यामागे धावतो. एका कमी ऐकू येणाऱ्या फळवाल्या म्हातारीपासून बातमी निघते आणि चार तोंडं फिरेपर्यंत चक्क खून पडलेला असतो. आपल्याकडे कुठल्याही गावच्या पारावर घडेल अशी गोष्ट. गंमत अशी, की आमच्या या नाटकातल्या नटांपैकी कोणीही कोणाला पाहिलेलं नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या देशात, आपापल्या कपाटात.

तर मंडळी, ही भानगड काय आहे ते सांगतो.

२००५ च्या ऑगस्टमध्ये माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी 'लिब्रिवॉक्स' सुरू केलं. कल्पना साधी. ज्या पुस्तकांचा कॉपीराइट संपला आहे ती हौशी लोकांनी मोठ्याने वाचायची, रेकॉर्ड करायची आणि जगाला फुकट द्यायची. पहिलं पुस्तक जोसेफ कॉनरॅड यांची 'द सीक्रेट एजंट' ही कादंबरी. प्रकरणं लोकांनी वाटून घेतली आणि घरी बसून वाचली. मजकूर बहुतेकदा प्रोजेक्ट गुटेनबर्गचा (ते मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेलं), आणि तयार आवाज ठेवायला इंटरनेट अर्काइव्ह. पैसे कोणालाच नाहीत. आवाजाची चाचणी नाही. वाचणाऱ्याने आपल्या रेकॉर्डिंगवरचा हक्कही सोडून द्यायचा. उद्या कोणी त्याची सीडी काढून विकली तरी तक्रार नाही.

कादंबरी वाटून वाचणं सोपं आहे, प्रकरण संपलं की माणूस बदलला. नाटकात दर वाक्याला माणूस बदलतो. त्यावर काढलेली युक्ती अशी: प्रत्येकाने फक्त आपल्या पात्राची वाक्यं ओळीने वाचायची, दोन वाक्यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची. रंगसूचना वाचायला एक वेगळा निवेदक. मग एकजण या सगळ्या फाइली घेऊन बसतो, वाक्यं कापतो आणि संहितेप्रमाणे एकापुढे एक लावत जातो. दुसरा कोणीतरी पुस्तक समोर धरून पूर्ण ऐकतो आणि सुटलेले शब्द कळवतो. उच्चाराबद्दल, अभिनयाबद्दल कोणी बोलायचं नाही, हा तिथला शिरस्ता. (म्हणून तर माझा आयरिश पोलीस साताऱ्याचा वाटत असूनही निभावला.)

हे सगळं शक्य झालं ते जोडणीचं सामान फुकट मिळू लागलं म्हणून. ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्रॅम डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये लिहायला घेतला आणि २००० मध्ये लोकांना खुला केला. पूर्वी ज्या कामाला स्टुडिओ आणि फिती कापणारा तंत्रज्ञ लागायचा, ते आता घरच्या संगणकावर होऊ लागलं.

इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा जागा होतो. प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो. आपण गप्प बसलो तरी खोली गप्प बसत नाही. फ्रिज असतो, रस्ता असतो, आणि कुवेतमध्ये एसी असतो, जो मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आपण ऐकणंच सोडून दिलेलं असतं. मी पहिल्यांदा एसी चालू ठेवूनच वाचलं होतं. फाइल परत आली. जोडणाऱ्या बाईंनी अगदी नम्रपणे कळवलं, की तुमचा पोलीस तोंड उघडला की मागे विमान सुरू होतं आणि गप्प बसला की विमान थांबतं. खरंच होतं ते. एका माणसाचा एसी पुस्तकभर चालू राहिला तर कान त्याला सरावतो. पण सात-आठ खोल्या आलटून पालटून आल्या तर प्रत्येक सांधा टोचतो. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला काही सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून द्यायची. प्रोग्रॅम तो नमुना घेतो आणि खोलीचा आवाज बराचसा वजा करतो. बाकीचं काम शर्ट करतात.

पण खरी अडचण तांत्रिक नव्हतीच. समोर कोणी नव्हतं, ही अडचण होती. मॅजिस्ट्रेट मला दरडावणार आणि मी दचकून उत्तर देणार. पण मॅजिस्ट्रेट कुठे आहे? त्याने आपली वाक्यं अजून वाचलीसुद्धा नसतील. तो रागावून ओरडणार की दात खाऊन हळू बोलणार, मला काय माहीत? मी न ऐकलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं.

दुरून नाटक ऐकण्याचा इतिहास तसा जुना आहे. पॅरिसला १८८१ साली विजेचं प्रदर्शन भरलं तेव्हा क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन बसवून प्रयोग टेलिफोनच्या तारांवरून प्रदर्शनात ऐकवला. दोन कानांना दोन वेगळे रिसीव्हर. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून बहुतेक जण रिचर्ड ह्यूज यांच्या 'अ कॉमेडी ऑफ डेंजर'चं नाव घेतात. बीबीसीने ते १५ जानेवारी १९२४ ला लावलं. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि पाहायला आलेली माणसं अंधारात अडकतात. पात्रांनाही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, आणि पुढे आकाशवाणीच्या श्रुतिकांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांची जेवणं रंगवली. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी हे घरातलेच लोक वाटायचे, असं आई अजून सांगते.

या सगळ्यांत एक गोष्ट मात्र समान होती. ऐकणारे लांब असले तरी बोलणारे एकत्र असायचे. एकाच स्टुडिओत, एकाच मायक्रोफोनभोवती, एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत. नटच एकमेकांपासून तुटलेले, ही नवी गोष्ट. २०२० च्या टाळेबंदीत हृषीकेश जोशी यांनी 'नेटक' या नावाने 'मोगरा' केलं तेव्हा अभिनेत्री आपापल्या घरी होत्या, पण निदान वेळ तरी एकच होती. आमच्या कारभारात जागाही वेगळी आणि वेळही वेगळी.

मग हे समोर कोणी नसताना बोलायचं कोणाकडून शिकायचं? उत्तर मला शाळेच्या गॅदरिंगमध्ये सापडलं. नाट्यछटा!

शंकर काशिनाथ गर्गे, म्हणजेच 'दिवाकर', हे पुण्यातले शाळामास्तर. १९११ मध्ये त्यांनी 'महासर्प' लिहिली आणि मराठीत नाट्यछटा आली. बोलणारा एकच, पण तो एकटा नसतो. समोर बायको असते, मित्र असतो, भिकारी असतो. ते काय म्हणाले हे छापलेलंच नसतं. बोलणाऱ्याच्या उत्तरावरून, मध्येच बदललेल्या सुरावरून आपण ते ओळखायचं. 'पंत मेले – राव चढले' किंवा 'बोलावणं आल्याशिवाय नाही' शाळेत ज्यांनी केली असेल त्यांना आठवत असेल, बाई काय सांगायच्या: "आधी ऐक, मग बोल. समोरचं माणूस तुला दिसलं नाही तर आम्हाला कसं दिसणार?" कपाटात बसून मी नेमकं तेच करायला हवं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मॅजिस्ट्रेटची वाक्यं मनात पूर्ण ऐकली, मग आपलं म्हटलं. तेव्हा कुठे पोलीस जरा दचकला.

दिवाकरांना ही कल्पना सुचली रॉबर्ट ब्राउनिंगच्या एकभाषितांवरून. आणि इथे एक योगायोग आहे. दिवाकरांचा जन्म १८ जानेवारी १८८९ चा. त्याच वर्षी ७ एप्रिलला लंडनमध्ये एका मित्राच्या घरी एडिसनच्या फोनोग्राफसमोर म्हाताऱ्या ब्राउनिंगला उभं केलं आणि कविता म्हणायला सांगितली. चार ओळी म्हणून तो स्वतःचीच कविता विसरला, आणि दिलगिरी व्यक्त करून मोकळा झाला. डिसेंबरमध्ये तो वारला. ते सिलिंडर अजून आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडची भाषणं लिहिणाऱ्या कवीचा खरा आवाज आपल्याकडे आहे तो असा, अडखळलेला. पण आहे!

हे वाचताना मला आमच्या घरातली कॅसेट आठवली.

माझे काका ऐंशीच्या दशकात इथेच, अहमदीला कामाला होते. फोन महाग. पत्र लिहायचा आजीला कंटाळा, कारण डोळे अधू. म्हणून ती कॅसेटवर बोलायची, आणि सुट्टीवरून परत निघालेल्या कोणाबरोबर तरी ती कॅसेट इकडे यायची. गल्फमधल्या हजारो घरांत तेव्हा हेच चालायचं. काटकसरीचं घर, काका आजीचं बोलणं दोन-तीनदा ऐकायचे, आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून पाठवायचे. आजीही पुन्हा त्यावरच. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. काका अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला पोचले आणि कॅसेटची गरज संपली. त्यामुळे शेवटची तेवढी राहिली, काकांच्या आवाजातली.

गेल्या सुट्टीत ती संगणकावर घेतली. काका म्हणतात, "हो आई, मिळालं लोणचं. नाही, बरणी नाही फुटली." मग थोडा वेळ नुसती फीत फिरते. "अगं, जेवतो वेळेवर. काय शप्पथ घालतेस उगाच!" पुन्हा थांबतात. "ते मला नको विचारूस. दादाला विचार." ते काय होतं, काकांना आज आठवत नाही. आजी २००३ मध्ये गेली. तिचा आवाज त्या कॅसेटवर होता. काकांच्या उत्तराखाली पुसला गेला. आमच्याकडे उरली आहे ती एक नाट्यछटा.

म्हणून मला वाटतं की आपण वाचावं, आणि आत्ता वाचावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. आधी ५० होती. रवींद्रनाथांचे हक्क १९९१ अखेर संपत आले तेव्हा ती वाढवली. पु. ल. २००० मध्ये गेले, म्हणजे ते २०६० अखेरपर्यंत बंद. पण देवल, गडकरी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, खाडिलकर खुले आहेत. दिवाकर १९३१ मध्ये गेले. हयातीत छापलेल्या त्यांच्या नाट्यछटांचे हक्क तर जुन्याच कायद्याने १९८१ अखेर संपले. लिब्रिवॉक्सवर टाकायचं तर अमेरिकेचा नियम बघावा लागतो, छापल्यापासून ९५ वर्षं. म्हणजे १९११ पासूनच्या सुरुवातीच्या नाट्यछटांना तीही आडकाठी नाही. इंग्रजीच्या कपाटात तिथे हजारो पुस्तकं आहेत. मराठीचा खण उघडला की वाईट वाटतं.

आणि मला हे काम नटांनीच करावं असं मुळीच वाटत नाही. गॅदरिंगमध्ये नाट्यछटा बसवणाऱ्या बाई आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. 'अगंबाई' कुठे लांबवायचं आणि 'हूं' कुठे तोडायचं, हे त्यांच्या गळ्यात आहे, पुस्तकात नाही. यंत्रं आता मराठी फाडफाड वाचतात, पण ती समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबत नाहीत. आजी प्रश्न विचारून थांबत असणार, काका उत्तराआधी थांबतात, त्यावरूनच कळतं.

असो. येत्या शुक्रवारी मी दिवाकर घेऊन कपाटात बसणार आहे. तिकडे आईला एक नाट्यछटा दिली आहे, ती फोनवरच रेकॉर्ड करणार. तुमच्याकडेही फोन आहे, गोधडी आहे, आणि घरात कोणीतरी अशा बाई असतीलच. बसवा त्यांना गोधडीत. पंखा तेवढा आठवणीने बंद करा.