घरगुती पाणीवापराचे मापन : सोलापूर

कुटुंबाला दररोज किती पाणी लागते व ते कोणकोणत्या कामी खर्च होते, हे जलमापकाच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धती. साध्या जलमापकाचे वाचन महिन्या-दोन महिन्यांनी हाताने टिपून घेतात. त्यावरून केवळ एकूण खप समजतो. स्वयंचलित (स्मार्ट) जलमापक मात्र दर तासाला किंवा त्याहून कमी अवधीने वाचन नोंदवून ते बिनतारी संदेशाने पाठवितो. प्रवाहाचा वेग, कालावधी व घनफळ यांवरून स्नान, कपडे धुणे, शौचकूप इत्यादींचा वापर त्यामुळे वेगळा काढता येतो. रात्रभर अखंड चालू राहणारा बारीक प्रवाह हे बहुधा गळतीचे लक्षण होय.

सोलापुरात पाण्याचा हिशेब दीर्घकाळ उगमापाशीच होत राहिला. सिद्धेश्वर तलावाची निर्मिती परंपरेने बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांकडे दिली जाते. विहिरी व तलाव यांवरून पाणी भरण्याच्या काळात घरातील खप घागरींनीच मोजला जाई. अदिला नदीवरील एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. पुढे १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली आणि गिरण्यांबरोबर लोकवस्ती व पाण्याची मागणीही वाढली. त्यानंतर भीमा नदीवरील टाकळी येथून आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणातून शंभराहून अधिक किमी. लांबीच्या नळाने पाणी आणण्यात आले. या प्रत्येक टप्प्यावर साठा व उपसा यांचे आकडे उपलब्ध झाले. तथापि प्रत्यक्ष घरात किती पाणी पोहोचते, हे त्यांवरून कळत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. दरडोई १३५ लिटर या प्रचलित मानकाने तिला दररोज सु. १२.८५ कोटी लिटर पाणी लागते. मात्र उजनीत पाणी असूनही २०१० नंतरच्या दशकात शहराच्या अनेक भागांत काही दिवसांच्या अंतराने पाणी सोडले जाई. याच मानकाने पाच माणसांच्या कुटुंबाची गरज दररोज ६७५ लिटर होते. चार दिवसांनी पाणी आल्यास त्याला एका वेळी २,७०० लिटर साठवावे लागतील. पाणी तीन तास आले, तर जलमापकाच्या आलेखात त्या तीन तासांत मोठा प्रवाह व उरलेल्या ९३ तासांत शून्य दिसेल. हा आलेख हौद भरण्याचा होय, वापराचा नव्हे. शिवाय रिकाम्या नळातील हवेच्या दाबानेही मापकाचे चक्र फिरते व पाणी नसता नोंद वाढते. ज्यांच्याकडे हौद व विद्युत् पंप नाही, त्यांचा अल्प खप काटकसरीचा दिसतो. वस्तुतः तो टंचाईचा असतो.

सोलापुरातील घर पुष्कळदा कारखानाही असते. यंत्रमाग व विडी हे येथील प्रमुख व्यवसाय असून अनेक स्त्रिया घरीच विड्या वळतात. त्यासाठी तेंदूची पाने भिजवावी लागतात. हा खप जलमापक वेगळा दाखवीत नाही. एका नळावर अनेक कुटुंबे असल्यास दरडोई आकडाही फसवा ठरतो.

अखंडित पुरवठा असेल, तेथे अशा नोंदी अधिक उपयुक्त ठरतात. सातारा जिल्ह्यातील मलकापूर येथे २००९ च्या सुमारास चोवीस तास पुरवठा सुरू झाला व त्यास स्वयंचलित मापकांची आणि खपाबरोबर चढत जाणाऱ्या दराची जोड देण्यात आली. बेळगाव व हुबळी-धारवाड येथील निवडक विभागांतही २००८ मध्ये अखंडित पुरवठ्याचा प्रयोग झाला. नळाला नेहमी पाणी असले, म्हणजे कुटुंब गरजेपुरतेच घेते आणि मापकावरील आकडा गरजेच्या जवळ येतो.

सोलापूरची २०१६ मध्ये स्मार्ट शहर योजनेच्या पहिल्या वीस शहरांत निवड झाली. खंडित पुरवठ्याच्या शहरात मापकाची नोंद पुरवठ्याच्या वेळा, साठवणीची सोय आणि नळावरील माणसांची संख्या यांसह वाचावी लागते. अन्यथा कमी पाणी मिळालेल्या कुटुंबाची गरजच कमी आहे, असा अन्यायकारक निष्कर्ष निघतो व पुढील वाटपातही तोच कायम राहतो.